कर्णिकबाईंनी चिकटवलेला शेवट

कर्णिकबाई पुस्तकांना मार्क द्यायच्या. खरोखरचे मार्क, दहापैकी, शेवटच्या पानावर लाल पेन्सिलीने, आणि खाली शेरा. 'चार. लेखकाला घाई झालेली दिसते.' 'सहा. नायिका बरी, नवरा कागदी.' एका फार गाजलेल्या, फार जाड कादंबरीखाली नुसतं 'बसा खाली' असं लिहिलेलं होतं. आमच्या वाचनालयाचे कार्यवाह त्यावरून चिडायचे. सार्वजनिक पुस्तक आहे, उत्तरपत्रिका नाही, असं त्यांनी मला शंभरदा ऐकवलं, कारण काउंटरवर मी बसायचे आणि बाईंना बोलायची त्यांची स्वतःची छाती नव्हती. मी तरी काय बोलणार? अर्धी भिवंडी त्यांच्या हाताखालून शिकून गेलेली, त्यात मीही आले. शिवाय खरं सांगायचं तर लोक पुस्तक घेताना आधी मागचं पान उघडून बाईंचे मार्क बघायचे. सातच्या वरचं पुस्तक कपाटात टिकायचं नाही.

मी पूर्णा गावची, पाटलांच्या घरातली. आमच्याकडे तेव्हा भातशेती जाऊन गोदामं उभी राहायला लागलेली. भाऊ नव्या गाड्या उडवत फिरायचे आणि मी बी.ए. होऊन पुस्तकं मोजते याचं आईला मोठं दुःख होतं. "धूल झटकाया येवढी शिकलीस काय गो?" म्हणायची. ही नोकरी मला बाईंनीच दिली. मुलाखतीच्या वेळी त्या समितीवर होत्या. बाकीचे सगळे माझा निकाल न्याहाळत बसले होते, तर या म्हणाल्या, "हिला घ्या. ही भांडखोर आहे. पुस्तकं परत येतील." आणि आली हो, मी सोडलं नाही कोणाला.

बाई दिसायला बेताच्या. उंची कमी, नाक मात्र जिथे तिथे आधी पोचणारं. सुती पाचवारी, खांद्याला पिन, हातात कापडी पिशवी. सीकेपी बाई, मासळीशिवाय घास उतरायचा नाही, त्यामुळे पिशवीत एका बाजूला पुस्तक आणि दुसऱ्या बाजूला कागदात बांधलेली कोळंबी. आमच्या काही कादंबऱ्यांना खाडीचा वास यायचा तो त्यामुळे. कोणी काही सांगायला लागलं की त्या म्हणायच्या, "पुढे?" तुमचं लग्न मोडलेलं असो की दूध नासलेलं, "पुढे?" आणि तो प्रश्न इतका सरळ असायचा की माणूस रडायचं विसरून पुढचं सांगायला लागायचा. पुस्तकांतल्या रडारडीचा त्यांना मनस्वी राग. "रडवण्यात काय आहे?" म्हणायच्या. "कांदासुद्धा रडवतो. त्याला कोणी पुरस्कार देतं का?"

घर वाचनालयापासून दोन गल्ल्या सोडून, तळमजल्यावर. बाईंच्या यजमानांना घरातबाहेर सगळेच काका म्हणायचे; काका नगरपालिकेतून निवृत्त झालेले, अत्यंत अबोल माणूस. घरातलं बोलणं सगळं बाईंच्या वाट्याला आलं होतं आणि त्यांनी ते आनंदाने पत्करलं होतं. एकुलता मुलगा शेखर. हा काकांवर गेलेला, ताडमाड उंच आणि कमी बोलणारा. आमच्या पूर्ण्याच्या बाजूलाच एका गोदामात सुपरवायझर होता. त्याची बायको अर्चना मुरबाडची. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. बाईंनी सुनेलाही मार्क दिले होते, चारचौघांत, हळदीकुंकवाला. "नऊ. एक कापला कारण वालाच्या बिरड्यात मीठ कमी घालते." अर्चना अशी हसली होती तेव्हा, तोंडावर पदर धरून.

आणि मग तो पावसाळा आला. भिवंडीत राहणाऱ्याला त्या पुराचं मी वेगळं काय सांगू? कामवारी आपली नदी कमी आणि नाला जास्त, पण त्या दिवशी तिने सूड उगवला. निजामपुऱ्यात कमरेएवढं पाणी, यंत्रमागांचे खटके कधी नव्हे ते बंद, बाजारात बोटी. शेखरने गोदामातून फोन केला, "आई, निघालोय." तेवढंच. पुढे फोन लागला नाही. पाणी उतरल्यावर त्याची मोटरसायकल खाडीच्या बाजूला चिखलात आडवी सापडली. किल्ली लावलेली होती. शेखर नव्हता.

पहिले काही दिवस सगळी भिवंडी शोधत होती. निजामपुऱ्यातले अन्सारीभाई, ज्यांच्या मुलींना बाईंनी घरी बसवून मराठी शिकवलं होतं, त्यांचे स्वतःचे लूम चिखलात बुडालेले, सूत गुंडाळलेले बीम सडायला लागलेले, ते सगळं टाकून हा माणूस कामगारांना घेऊन खाडीकाठाने फिरला. "बाईजी, आप घर बैठिए, हम हैं ना," म्हणायचा. बाई कसल्या बसतात. हॉस्पिटलं झाली, शवागारं झाली, ठाण्याची झाली, कल्याणची झाली. प्रत्येक ठिकाणी पांढरी चादर बाजूला व्हायची आणि बाई म्हणायच्या, "हा नाही." मला त्यांनी नंतर सांगितलं, "वंदना, दर वेळी मला आनंद व्हायचा गं. दुसऱ्या कोणाचा मुलगा मेलेला बघून आनंद. मी काय माणूस राहिले?"

मग कोणीतरी सांगितलं, वज्रेश्वरीजवळ अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडापाशी एक माणूस येऊन राहिलाय, उंच आहे, नाव सांगत नाही, डोक्याला लागलेलं दिसतंय. दुसऱ्या मिनिटाला बाई अर्चनाला घेऊन वज्रेश्वरीच्या गाडीत. हा प्रसंग मला अर्चनाने सांगितला. दाढी वाढलेला माणूस पायरीवर बसला होता, पाय पाण्यात सोडून. बाई समोर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "शेखर?" तो म्हणाला, "हां." "घरी यायचं?" "हां." "मला ओळखलंस?" "हां." बाईंनी पिशवीतून डबा काढून त्याला भाकरी-भाजी भरवायला सुरुवात केली. अर्चना बाजूला उभी. तिला पहिल्या नजरेलाच कळलं होतं की हा नाही, या माणसाचं वय कितीतरी जास्त, कानसुद्धा वेगळे. पण बाई भरवत होत्या, त्याची दाढी पदराने पुसत होत्या, काका किती खूश होतील ते सांगत होत्या. शेवटी अर्चनाने म्हटलं, "आई, हे नाहीत." बाई म्हणाल्या, "माहीत आहे मला. त्याचा घास तरी पुरा होऊ दे."

असं करत वर्ष गेलं. नातेवाईक कुजबुजायला लागले. ज्याचं शरीर मिळत नाही त्याचा पुतळा करतात आपल्यात. पळसाची पानं आणि दर्भ बांधून माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा, आणि मग सगळे दिवस करायचे, म्हणजे गेलेला सुटतो आणि मागचेही सुटतात. गुरुजी म्हणाले होते की पुरात गेलेल्यासाठी बेपत्ता माणसासारखी बारा वर्षं थांबायची गरज नाही. काका तयार होते. बाईंनी गुरुजींना चहा दिला आणि सांगितलं, "पुन्हा हा विषय घेऊन आलात तर चहा मिळणार नाही."

आणि या सगळ्यात अर्चना. तिचं वय काय होतं, पोरगीच ती! कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, हातात बांगड्या, आणि बायकांना कळेना की हिला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही. संक्रांतीला एकीने बोलावलं, कुंकू लावायला बोट पुढे केलं आणि तिथेच थांबली. सगळ्यांदेखत! अर्चना तशीच उठून आली. मुरबाडहून आईवडील न्यायला यायचे. बाई दारातच सांगायच्या, "ती गेली आणि शेखर आला तर?" घरात शिलाईचं मशीन होतं, अर्चना साड्यांना फॉल-पिको करत खाली मान घालून बसायची. माझी आई म्हणाली, "बाईचा पोर पान्यान गेला, आनि सून घरान बुरते हाय. कुनाला दिसत न्हाय काय?" दिसत होतं, सगळ्यांनाच दिसत होतं. बाईंना सांगणार कोण?

अशात ती कादंबरी आली. नव्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात होती, निळसर वेष्टन, लेखक फारसा माहीत नसलेला. आत काय आहे हे मला आधी कळलं असतं तर मी ती बाईंच्या हाताला लागू दिली नसती. खाडीकाठचं मिठागराचं एक गाव. एका बाईची लहान मुलगी बुडून मरते आणि दर भरतीला घरी परत येते. ओल्या पायांनी मागच्या दाराने येते, पाटावर बसते, आई तिचे केस विंचरते, केसांतून बारके मासे पडतात. ओहोटी लागली की उठून जाते. गावाला यात काही नवल वाटत नाही. दुकानदार तिला गोळ्या देतो, मास्तर तिची हजेरी घेतात. अशी ती कादंबरी.

बाईंनी ती आठवड्यात परत आणली आणि काउंटरवर आपटली.

"हे कोणी मागवलं?"

"यादीत आलं होतं, बाई."

"या लेखकाच्या घरातलं कोणी गेलेलं नाही. लिहून घे माझ्याकडून. गेलेलं माणूस असं येऊन पाटावर बसतं होय? वेण्या घालून घेतं? दुकानात जाऊन गोळ्या खातं? मेला लबाड आहे नुसता. दुःखाला जरीचे काठ लावून विकतोय."

"मग जमा करू?"

बाईंनी पुस्तकावरचा हात काढला नाही. मग म्हणाल्या, "वाढवून दे एक आठवडा."

पुढे हेच होत राहिलं. येऊन भांडायच्या, त्या पुस्तकाशी, आणि सोबत घेऊन जायच्या. एकदा भारनियमनात पंखा बंद, घामाच्या धारा लागलेल्या, आणि बाई मला उभ्या उभ्या त्यातलं वाक्य वाचून दाखवताहेत: 'आई तिच्या केसांतलं पाणी पिळून काढी, आणि ते पाणी रोज थोडं कमी खारट लागे.' वाचून झाल्यावर पुस्तक मिटलं.

"हे खरं आहे, वंदना. हे त्याला कसं कळलं? मला शेखरचा आवाज आता रोज थोडा कमी ऐकू येतो. हे मी काकांनासुद्धा बोलले नाही. या परक्या माणसाने ते छापून कसं काढलं?"

"म्हणजे पुस्तक चांगलं आहे?"

"चांगलं कसलं? पाजी आहे. एका हाताने खरं सांगतो आणि दुसऱ्या हाताने गंडवतो. गंडवलेलं कळतं, तरी मी पुन्हा तिथेच जाऊन बसते."

"मार्क किती मग?" मी आपलं वातावरण हलकं करायला विचारलं.

"देता येत नाहीत," त्या म्हणाल्या. "भोपळा द्यावा की दहा, ठरत नाही." आयुष्यभर पोरांना आणि लेखकांना पटापट मार्क देणारी बाई हे बोलली तेव्हा मला भीती वाटली.

भीती खरीच होती. एके दिवशी अर्चना वाचनालयात आली, पहिल्यांदाच. "ताई, त्या निळ्या पुस्तकात काय आहे?" तिने विचारलं. मी म्हटलं, का गं? तर ती सांगायला लागली. बाई भिंतीवरच्या कॅलेंडरात पौर्णिमा-अमावास्या बघून उधाणाचे दिवस काढायच्या. त्या दिवसांत मागचं दार उघडं. पाट मांडलेला, ताट वाढलेलं, शेखरच्या आवडीची कोळंबी. एका संध्याकाळी मागून ताट वाजलं. बाई देवापुढे दिवा लावत होत्या, तशाच धावल्या, "शेखर! शेखर आला गं अर्चना!" अर्चनाही धावली. ती मला म्हणाली, "ताई, मीसुद्धा धावले. मला माहीत असून धावले." गल्लीतलं कुत्रं होतं, ताटात तोंड घालून. बाईंनी त्याला हाकललं नाही. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि त्याचं खाऊन संपेपर्यंत बघत राहिल्या.

"त्या मुलीचं शेवटी काय होतं?" अर्चनाने विचारलं. "आईंनी शेवट वाचलाय. पण त्यावर त्या बोलत नाहीत."

पुस्तक नेमकं त्या दिवशी जमा होतं. मी काढून उघडलं, म्हटलं हिला शेवटचं प्रकरण दाखवावं, तर पानं उघडेचनात. शेवटचं सगळं प्रकरण एकमेकांना चिकटवून टाकलेलं, पुठ्ठ्यासारखं कडक. हात लावल्याबरोबर मला कळलं. आमच्याकडे फाटकी पुस्तकं सांधायला खळ असायची, मागाच्या सुताला सायझिंगमध्ये कडक करायला लावतात तीच, अन्सारीभाई बादलीभर पाठवून द्यायचे. आणि पुस्तकं सांधायला दर शनिवारी कोण बसायचं? बाईच बसायच्या. एकेक पान नीट लावलं होतं, कडेला ओघळसुद्धा नाही. चिडून केलेलं काम नव्हतं ते.

मी मध्यंतरी वाचलेलं होतं म्हणून अर्चनाला तोंडीच सांगितलं. शेवटी ती आईच एका उधाणाला मुलीला म्हणते, आता येऊ नकोस, बाळ. आणि मागच्या दाराला आतून कडी घालते. बाहेर पाणी दारापर्यंत येऊन थांबतं, आणि सकाळी साऱ्या गावातलं मीठ गोड झालेलं असतं. एवढंच. अर्चना ऐकत राहिली. मग तिने एक विचारलं. "त्या मुलीचं लग्न झालेलं नसतं ना?" मी म्हटलं, नाही गं, लहान असते ती. "हं," म्हणाली आणि गेली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी भर दुपारी बाई आल्या. पिशवी नाही, पिन नाही, पदर कसाही. मी त्यांच्यासाठी भांडण तयार ठेवलं होतं, सार्वजनिक पुस्तक खळ लावून बंद करता म्हणजे काय, कार्यवाह मला खातील. त्यांचा चेहरा बघून सगळं गिळलं. समोरच्या बाकावर बसल्या.

"वंदना, त्या लेखकाची चूक सापडली मला."

"काय चूक?"

"त्याने सून लिहिलेली नाही." पुढे सरकून बसल्या. "काल अर्चना मशीनवरून उठली आणि मला म्हणाली, आई, मी त्या पुस्तकात कुठेच नाही. एवढं बोलून परत मशीनवर बसली. मी रात्रभर पुस्तक आठवून बघितलं. गावात दुकानदार आहे, मास्तर आहे, कोंबड्यासुद्धा आहेत. सून नाही. म्हणजे त्या बाईने जन्मभर मुलीला येऊ दिलं असतं तरी कोणाचं काही बिघडत नव्हतं. तिचं एकटीचं दुःख होतं. किती सोपं करून घेतलं बघ त्याने! आणि मी ते माझ्या घरात आणून बसवलं. माझ्या घरात एक जिवंत मुलगी आहे गं. मी तिला त्या पाटाशेजारी बसवून ठेवली."

त्या रडत होत्या. ज्या बाईला रडवणाऱ्या लेखकांचा तिटकारा, ती आमच्या त्या मोडक्या बाकावर ओक्साबोक्शी रडत होती आणि दोन सभासद पुस्तकं तशीच हातात धरून उभे होते. मी त्यांना हातानेच जा म्हटलं.

"मला शेखर मेला असं वाटत नाही," बाई म्हणाल्या. "अजूनही नाही वाटत. मी खोटं बोलू का? पण अर्चनासाठी मेला म्हणते. चालेल ना?"

मी म्हटलं, चालेल, बाई.

विधी कामवारीच्या काठी झाला. बायका जात नाहीत तिथे, पण बाईंनी कोणाचं ऐकलं नाही, आणि धरायला म्हणून मला सोबत घेतलं. अर्चनाला आणलं नव्हतं. निघताना घरातल्या बायकांना बजावून आल्या होत्या, "तिच्या बांगड्यांना कोणी हात लावायचा नाही. काय काढायचं, काय ठेवायचं, ते तिचं ती बघेल." गुरुजींनी पानं आणि दर्भ बांधून पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. काका दर्भाची अंगठी घालून बसले होते. बाई लांब उभ्या होत्या त्या एकदम पुढे गेल्या.

"हा आखूड झाला."

गुरुजींना कळलं नाही.

"माझा मुलगा एवढा बुटका नव्हता. काकांच्या डोक्यावरून हात न्यायचा. लांब करा."

"बाई, हे प्रतीक असतं हो," गुरुजी समजुतीने म्हणाले.

"मला प्रतीकं शिकवू नका. जन्मभर तीच शिकवली मी पोरांना. लांब करा."

पळसाची पानं संपली होती. कोणीतरी जाऊन आणखी आणली. बांधलेलं सगळं सोडलं, पुन्हा बांधलं. बाई वाकून बघत राहिल्या आणि एका जागी म्हणाल्या, "हं, आता." काकांनी अग्नी दिला. मी माणसाचं दहन कधी बघितलेलं नाही, पण पुरुषमंडळी घरी किती उशिरा येतात ते माहीत आहे. हे भसकन पेटलं. उजेड झाला, नारळ तडकला, आणि आम्ही नीट उभे राहतोय तोवर राख होऊन बसलं.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं."

"एवढ्यात?"

मग बाईंनी गुरुजींना अगदी हळू विचारलं, "आणि तो आला तर?"

मला वाटलं आता गुरुजी चिडणार. पण ते तरुण होते, तरी चांगले होते. "त्याचीही सोय आहे शास्त्रात," ते म्हणाले. "आलाच तर त्याला नवा जन्म झाला असं धरतात. न्हाऊ घालून जातकर्मापासून सगळे संस्कार पुन्हा करतात." बाई माझ्याकडे वळल्या. "बघ, म्हणजे शास्त्रालाही खात्री नाही," म्हणाल्या आणि माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून चालायला लागल्या.

तेरावं झालं आणि अर्चनाचा भाऊ तिला न्यायला आला. त्या महिन्यातच काका बाईंना घेऊन पुण्याला आपल्या धाकट्या भावाकडे कायमचे गेले, सामान न्यायला टेम्पो आला तेव्हा मी गावी होते, त्यामुळे बाई मला शेवटच्या दिसल्या त्या एस.टी. स्टँडवर. अर्चनाला सोडायला आम्ही दोघी गेलो होतो. गाडी लागलेलीच होती. अर्चना पाया पडायला वाकली. सून वाकली की त्यांच्या तोंडून अखंड सौभाग्यवती भव निघायचं, त्याच सवयीने तोंड उघडलंही. मग तसंच मिटलं. तिला उभी करून त्यांनी तिची वेणी नीट केली, तिच्या हातात डबा दिला, आणि भावाला खिडकीची जागा हिलाच दे म्हणून दोनदा सांगितलं. अर्चना आत जाऊन बसली. ती बाईंकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर सुटल्याचं काही नव्हतं, चोरी केल्यासारखी बसली होती ती.

कंडक्टरने घंटी दिली. गाडी मागे आली, वळायला लागली, आणि बाई माझा हात सोडून तिच्या बाजूने धावायला लागल्या. त्या वयात, चपला घसरताहेत, हाताने गाडीचा पत्रा बडवताहेत. ड्रायव्हर ओरडला, "ओ मावशी, बाजूला व्हा!" मी मागून धावले.

"अर्चना! अर्चना, ऐक!" बाई ओरडत होत्या. "तो आला तर मी सांगेन त्याला! मीच तिला पाठवली म्हणून सांगेन! तू नको घाबरूस गं! तुझं नाव नाही येऊ देणार मी, माझं सांगेन!"

गाडी रस्त्याला लागली. बाई तरीही सांगतच होत्या.